तैलपात्र

आपल्या भाषेतले काही शब्द इतके घरगुती झालेले असतात की, त्यांना काही वंशावळ असेल अशी शंकासुद्धा आपल्याला येत नाही. 'डोहाळे' हा त्यांतलाच एक शब्द. चिंच, कैरी, भाजलेली माती यांच्या आसपास घुटमळणारा, आणि सासुरवाशिणीच्या चार कौतुकाच्या दिवसांशी जोडलेला. परंतु त्याचा माग काढीत मागे गेले की माणूस थेट प्राचीन वैद्यांच्या दारात जाऊन उभा राहतो. सुश्रुताने चौथ्या महिन्यातील गर्भिणीला 'द्विहृदया' म्हटले आहे. तिच्या देहात आता दोन हृदये नांदतात, एक तिचे आणि एक गर्भाचे, म्हणून ती 'दौहृदिनी', आणि तिला ज्या इच्छा होतात ते तिचे 'दौहृद'. आपले डोहाळे याच घराण्यातले. ही व्युत्पत्ती भाषापंडितांना पटो वा न पटो, वैद्यांना ती पटली होती आणि तिच्यावर त्यांनी एक संबंध आचारधर्म उभा केला होता, एवढे इतिहासाला पुरे आहे.

गेली दोनतीन वर्षे मी या विषयावरचे जुनेनवे साहित्य मिळेल तसे वाचीत आले. वाचायला बसले होते ते आजच्या एका प्रयोगाविषयी. गर्भवती स्त्रियांच्या मनाला आधार मिळावा म्हणून हल्ली टेलिफोनवरून, संगणकाच्या पडद्यावरून, सजगतेचे धडे देतात. इंग्रजीत तिला 'माइंडफुलनेस' म्हणतात. शिकवणारी एका गावी, शिकणारी दुसऱ्या गावी. हे सारे नव्या युगाचे खूळ की यात काही तथ्य आहे, एवढाच माझा प्रश्न होता. पण वाचता वाचता ध्यानात आले की, या नव्या गोष्टीची पाळेमुळे आपल्या दारात आहेत, आणि तिचे नवेपण ज्या ठिकाणी आहे ते यंत्रात नसून दुसरीकडेच आहे.

प्रथम आपल्या वैद्यांचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, कोणत्या कामी कोणती गोष्ट श्रेष्ठ, याची एक लांबलचक यादी आहे. गर्भधारणेच्या कामी श्रेष्ठ म्हणून तिथे कोणतेही मूळ, कोणतेही घृत सांगितलेले नाही. सांगितले आहे ते 'सौमनस्य', म्हणजे मनाची प्रसन्नता. शारीरस्थानात सूतिकागाराचे वर्णन येते. त्या खोलीत कोणत्या बाया असाव्यात? ज्या स्वतः अनेकदा प्रसूत झालेल्या आहेत, जिवाभावाच्या आहेत, कामात तरबेज आहेत, स्वभावाने प्रेमळ आहेत, ज्यांनी विषाद टाकलेला आहे आणि ज्या कष्ट सोसू शकतात अशा. ही यादी वाचकाने लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे. आणि याच शारीरस्थानात गर्भिणीला कसे जपावे हे सांगताना ती सुंदर उपमा येते: तेलाने काठोकाठ भरलेले पात्र जसे हिंदकळू न देता न्यावे, तसे.

ही उपमा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मोहून गेले. नंतर मात्र तिच्यातली एक गोष्ट मला बोचू लागली. पात्राला हात नसतात. ते नेणारे दुसरेच कुणीतरी असते, आणि नेणाऱ्याचे लक्ष पात्रावर नसते, तेलावर असते. सुश्रुत डोहाळे पुरवायला सांगतो, पण का? तर ते न पुरवल्यास मूल कुबडे, लुळे, खुजे, जड बुद्धीचे निपजेल म्हणून. बाईच्या मनाची एवढी काळजी जगाच्या फार थोड्या वैद्यकांनी घेतली असेल, यात शंका नाही. परंतु ती काळजी बाईतून पार होऊन पलीकडे बाळाकडे जाते. बाई हे मधले दार.

अभिमन्यूची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सुभद्रेच्या पोटात असताना त्याने चक्रव्यूहात शिरण्याची विद्या ऐकली, आणि बाहेर पडण्याची विद्या सांगण्याच्या वेळी सुभद्रेला डोळा लागला. शेकडो वर्षे कीर्तनकारांनी ही कथा रंगवून सांगितली, ऐकणाऱ्यांनी अभिमन्यूसाठी डोळे पुसले. सुभद्रा इतकी का दमली होती, हे कुणी विचारल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. उलट तिच्या त्या डुलकीवर एका वीराच्या मरणाचा भार पडला. आजही गर्भसंस्काराच्या नावाखाली घरोघर ज्या ध्वनिफिती वाजल्या, त्यांच्या मुळाशी हीच कथा आहे. त्यांतले संगीत गोड असते, ऐकणारीला चार घटका विसावा मिळत असेल तर चांगलेच आहे. पण जिला त्या ऐकूनही रडू येते तिच्या मनात एक नवीच धास्ती शिरते, की माझ्या रडण्याने बाळाचे वाटोळे होणार. 'आनंदी राहा' हा उपदेश ज्याला आनंदी राहता येते त्यालाच मानवतो. इतरांना तो ओझे होतो.

हे ओझे आपल्याकडच्या बायांनी मुकाट्याने वाहिले. ज्या आनंदीबाई जोशी १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, त्यांनी आपल्या प्रबंधासाठी विषय घेतला होता तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या होत्या, आणि ते मूल दहा दिवसांचे होऊन गेले होते. एवढ्या विषयांतून हाच विषय त्यांनी का निवडला असेल, हे सांगायला इतिहासकाराची गरज नाही. १८८७ च्या फेब्रुवारीत त्याही गेल्या. डॉक्टरांच्या तावडीतून देह वाचवण्याची लढाईच तेव्हा इतकी मोठी होती की, मनाकडे वळायला कुणाला उसंत नव्हती.

आता एक जुनीच, परंतु वेगळ्या वळणाची कथा. मज्झिमनिकायातील अंगुलिमाल सर्वांना ठाऊक आहे. माणसे मारून बोटांची माळ घालणारा हा दरोडेखोर भिक्षू झाला. भिक्षेला गेला असता त्याने अडलेली एक बाई पाहिली आणि तो कळवळून बुद्धाकडे आला. बुद्धाने त्याला परत पाठवले. आर्यांच्या कुळात माझा नवा जन्म झाल्यापासून मी जाणूनबुजून कुणाचाही जीव घेतलेला नाही, या सत्याने तुझे आणि तुझ्या गर्भाचे कल्याण होवो, असे तिला सांग, म्हणाले. अट्ठकथा पुढे असे सांगते की, प्रसूतीच्या जागी भिक्षूने जाणे योग्य नव्हे म्हणून मध्ये कापडाचा आडपडदा लावण्यात आला, आणि पडद्याबाहेर बसून त्याने ते सत्यवचन उच्चारले. बाई सुखरूप मोकळी झाली. सिंहलद्वीपात आणि इतर बौद्ध देशांत हे परित्त गर्भवतीसाठी आजही म्हटले जाते.

चमत्काराचा भाग सोडून द्या. मला या कथेत दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. एक म्हणजे, आधार देणारा आवाज पडद्याच्या पलीकडून येतो. दुसरी म्हणजे, तो आवाज 'भिऊ नकोस, हसतमुख राहा' असे म्हणत नाही, जे खरे आहे तेवढेच म्हणतो. शिवाय आशीर्वाद देताना 'तुझे' आधी आहे आणि 'गर्भाचे' नंतर.

आणि योगायोग असा की, तेच तेलाने भरलेले भांडे बौद्ध वाङ्मयातही भेटते. संयुत्तनिकायात एक दृष्टान्त आहे. गावात जनपदकल्याणी नाचते आहे, गाते आहे, बघ्यांची झुंबड उडाली आहे, आणि त्या गर्दीतून एका माणसाला तेलाने काठोकाठ भरलेले भांडे घेऊन जायचे आहे. मागून तरवार उपसलेला एक जण चालतो आहे. थेंब सांडला की मुंडके उडालेच. देहाविषयीची जागरूक स्मृती, पालीत 'सती', ती त्या भांड्यासारखी सांभाळावी, असे तात्पर्य. चरकाचे भांडे आणि हे भांडे दिसायला एकच. फरक एवढाच की, इथे ज्याच्या जिवाशी गाठ आहे त्याच्याच हातात ते भांडे आहे. गर्भवतीच्या मनाचा गेल्या दीड शतकाचा इतिहास मला या दोन भांड्यांमधला प्रवास वाटतो.

तो प्रवास पश्चिमेकडून कसा झाला ते आता थोडक्यात पाहू. फ्रान्समध्ये लुई-व्हिक्टर मार्से या तरुण वैद्याने १८५८ साली गर्भवती, नवप्रसूता आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या मनोविकारांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. यात गर्भवतीचे नाव आधी आले होते, हे महत्त्वाचे. तथापि पुढे शंभर वर्षे वैद्यकाचे लक्ष राहिले ते कळांवर. १८४७ साली एडिंबरोच्या सिम्प्सनने प्रसूतीत क्लोरोफॉर्म वापरला, १८५३ साली राणी व्हिक्टोरियाने तो घेतला, आणि धर्ममार्तंडांची तोंडे बंद झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील फ्रायबर्ग येथे 'संधिनिद्रा' निघाली. मॉर्फिन आणि स्कोपोलामिन यांच्या या मिश्रणाने वेदना जात नसत, त्यांची आठवण तेवढी जाई. बाई तळमळे, ओरडे, आणि जागी झाल्यावर तिला काहीच आठवत नसे. १९१४च्या सुमारास अमेरिकेतील स्त्रियांनी या उपायाची मागणी करीत चळवळ केली, हेही विसरता कामा नये. ज्यांना दुसरा आधार मिळत नाही त्यांना विस्मृती हीच कृपा वाटते.

याला पहिले मोठे आव्हान दिले इंग्लंडच्या ग्रँटली डिक-रीड या डॉक्टराने. तरुणपणी लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील एका दरिद्री झोपडीत तो एका बाईच्या प्रसूतीला गेला. त्याने पुढे केलेला क्लोरोफॉर्म तिने नाकारला, आणि मागाहून त्याने कारण विचारले तेव्हा तिने त्यालाच उलट विचारले की, हे दुखण्यासाठी असते का? त्या प्रश्नाने त्याचा पिच्छा सोडला नाही. १९३३ साली त्याने आपले पहिले पुस्तक लिहिले, १९४२ साली दुसरे. भय वाटले की स्नायू आवळतात, आवळले की दुखते, दुखले की भय वाढते, असे ते चक्र. ते तोडायचे तर बाईला आधीपासून सारे समजावून सांगितले पाहिजे, श्वास आणि शिथिलता शिकवली पाहिजे. १९५७ साली एका प्रसूतीची ध्वनिमुद्रिकाही निघाली, म्हणजे डॉक्टरांचा आवाज यंत्रातून घरोघर जाण्याची सुरुवात तेव्हाच झाली होती.

तिकडे सोव्हिएत देशात पाव्हलॉव्हच्या सिद्धान्तांवर वेल्व्हॉव्स्की आदींनी वेदनारहित प्रसूतीची रीत बसवली. १९५१ साली फेर्नां लामाझ हा फ्रेंच डॉक्टर ती पाहायला गेला, आणि परत येऊन पॅरिसमध्ये लोखंडकामगार संघटनेच्या रुग्णालयात त्याने ती सुरू केली. कम्युनिस्टांच्या या पद्धतीला १९५६ साली पोप बाराव्या पायस यांनी, हिच्यात धर्मविरुद्ध काही नाही, असा निर्वाळा दिला. मॉस्को आणि रोम यांचे एकमत झालेले विषय इतिहासात फारसे सापडत नाहीत. बाळंतिणीच्या श्वासावर ते झाले. पुढे अमेरिकेत मार्जरी कार्मेलच्या १९५९च्या पुस्तकाने ही पद्धत घरोघर गेली.

या मंडळींनी बाईला जागे केले, तिच्या हाती काही तरी दिले. पण तिची परीक्षाही सुरू केली. जी शांत राहिली ती उत्तीर्ण, जी किंचाळली ती नापास, अशी एक अदृश्य गुणपत्रिका तयार झाली. आपल्या गर्भसंस्कारातील सौमनस्य आणि पॅरिसचे वेदनाराहित्य ही शेवटी सख्खी भावंडेच. दोघांनाही बाई जशी आहे तशी चालत नव्हती.

'सती' या शब्दाची गोष्ट इथे मिळते. १८८१ साली ऱ्हिस डेव्हिड्स या पाली पंडिताने त्याचे इंग्रजी भाषांतर 'माइंडफुलनेस' असे केले, आणि तो शब्द रूढ झाला. या विद्येचा एक धागा आपल्या गोमंतकातूनही जातो. १८७६ साली साखवाळला जन्मलेले धर्मानंद कोसंबी यांनी बौद्ध धर्माच्या ओढीने १८९९ साली घर सोडले. घरी पत्नी होती आणि त्याच वर्षी जन्मलेली मुलगी होती. सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा प्रवास करून त्यांनी पालीवर प्रभुत्व मिळवले, आणि १९१०पासून वेळोवेळी अमेरिकेत हार्वर्ड येथे राहून बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाचे संपादन केले. ती प्रत हार्वर्डच्या मालेत १९५० साली निघाली. तोवर कोसंबी सेवाग्रामी निवर्तून तीन वर्षे झाली होती. मी त्यांच्याविषयी अतीव आदराने हे लिहिते आहे, पण मागे राहिलेल्या त्या बाळंतिणीची आठवण मला पुसता येत नाही. स्मृतीची विद्या आणायला निघालेल्या माणसाच्या घरी ती विद्या जिला सर्वांत उपयोगी पडली असती तीच एकटी होती.

याच 'विसुद्धिमग्गा'त श्वासाच्या स्मृतीविषयी एक दृष्टान्त आहे. एक पांगळा मनुष्य झोपाळ्याच्या खांबाशी बसून आपल्या मुलाला आणि त्याच्या आईला झोके देतो आहे. झोका येतो, जातो, त्याची दोन्ही टोके आणि मध्य तो पाहतो, पण स्वतः जागचा हलत नाही. श्वासाकडे असे पाहावे. सारी सजगता या चित्रात आली. झोका थांबवायचा नाही, त्याच्याबरोबर वाहूनही जायचे नाही.

हार्वर्ड ज्या मॅसॅच्युसेट्स राज्यात आहे, त्याच राज्यातील वूस्टर येथे १९७९ साली जॉन कबात-झिन याने आठ आठवड्यांचा एक पाठ्यक्रम सुरू केला. त्याने कोसंबींची प्रत वाचली होती असे मला सुचवायचे नाही. त्याची गुरुपरंपरा निराळी. पण विद्या तीच. ज्यांच्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते अशा रोग्यांना तो श्वास, देहाचे निरीक्षण आणि हठयोगातील सोपी आसने शिकवी. धर्माचा उच्चार नव्हता, दुखणे बरे करण्याचे आश्वासनही नव्हते. नॅन्सी बार्डेकी या सुईणीने हा पाठ १९९८ साली गर्भवतींसाठी बसवला. तिच्या वर्गातला एक धडा फार बोलका आहे. बाईच्या हातावर बर्फ ठेवतात आणि मिनिटभर तो धरून ठेवायला सांगतात. कळ कशी चढते, कुठे चढते, मन कसे पळू पाहते, ते बघायचे. मग बर्फ ठेवून विसावा घ्यायचा, आणि पुन्हा धरायचा. वेणा अशाच येतात आणि दोन वेणांच्या मध्ये विसावा असतो, ही गोष्ट व्याख्यानाने कळत नाही, बर्फाने कळते. इथे पास-नापास नाही. ओरडावेसे वाटले तर तेही पाहायचे.

दरम्यान मोजणारे लोक मोजू लागले होते, आणि त्यांच्या आकड्यांनी या इतिहासाचे पारडे फिरवले. लंडनच्या ब्राइस पिट याने १९६८ साली दाखवले की, प्रसूतीनंतरचे नैराश्य ही वेड्यांच्या इस्पितळातली विरळा गोष्ट नसून साध्या घरांतली नेहमीची गोष्ट आहे. १९८७ साली कॉक्स, होल्डन व सागोव्स्की यांनी स्कॉटलंडमध्ये दहा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. ती पुढे जगातल्या अनेक भाषांत गेली, आपल्या शेजारच्या कोंकणीतही. गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हापशाच्या रुग्णालयात येणाऱ्या २७० गर्भवतींचा पाठपुरावा केला आणि २००२ साली निष्कर्ष छापला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्याने ग्रासलेल्या होत्या. कारणे काय? दारिद्र्य, नवऱ्याशी बिनसलेले नाते, आणि मुलगी झाली म्हणून आलेला उदासपणा. परंतु मला सर्वांत विदारक वाटला तो निराळाच आकडा. या आजारी मातांपैकी ७८ टक्क्यांचे मन गरोदरपणीच ढासळलेले होते. म्हणजे ज्या महिन्यांत आपण ओटी भरतो, हिरव्या बांगड्या घालतो, फुलांची वाडी भरतो, नेमक्या त्याच महिन्यांत ती आतून खचत असते, आणि पाटावर बसून हसत असते.

हा विषय केवळ उदासपणाचा नाही. ब्रिटनमध्ये मातामृत्यूंची वर्षानुवर्षे बारकाईने छाननी होते. प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांपासून वर्षापर्यंत होणाऱ्या थेट मृत्यूंत तिथे आत्महत्या हे अग्रक्रमाचे कारण ठरले आहे. रक्तस्राव आणि ताप यांच्यावर विजय मिळवलेल्या देशाची ही गत आहे.

उपाय लागू पडतो का, तर पडतो असे दिसते. अमेरिकेत सोना डिमिजियन आणि सहकाऱ्यांनी पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्या ८६ गर्भवती निवडल्या, आणि निम्म्यांना सजगतेचा आठ आठवड्यांचा पाठ दिला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे, प्रसूतीनंतरच्या सहा महिन्यांपर्यंत पाठ घेतलेल्यांपैकी सुमारे १८ टक्के स्त्रियांना नैराश्याने पुन्हा गाठले, इतरांपैकी सुमारे ५० टक्के स्त्रियांना. पण वर्गाला यायचे कुणी? सातव्या महिन्यात, हाताशी दुसरे मूल, डोक्यावर घरकाम, आणि मनाच्या दुखण्यासाठी दवाखान्याची पायरी चढायची लाज. अंतर हा इथे खरा रोग होता, आणि आडपडद्यापलीकडच्या आवाजाची गरज पुन्हा भासली ती इथे.

२०२० साली महामारी आली आणि जे सोयीचे वाटत होते ते निरुपायाचे झाले. माझी भाची तेव्हा पुण्यात सातव्या महिन्यात होती. पहिलटकरीण माहेरी जायची, पण माहेर चिपळूणला, आणि रस्ते बंद. माझ्या बहिणीने रात्र रात्र डोळ्याला डोळा लावला नाही. कुणाच्या तरी सांगण्यावरून पोरीने बंगळुरूच्या एका शिक्षिकेचा वर्ग धरला. आठवड्यातून एकदा फोनच्या पडद्यावर सहा जणी जमत. त्यांनी एकमेकींना प्रत्यक्ष कधीच पाहिले नाही. बाळ झाल्यावर तिला विचारले, "काय गं, त्या वर्गाने नेमके काय झाले?" ती म्हणाली, "मावशी, भीती गेली नाही. पण तिथे कुणी मला 'घाबरू नकोस' म्हणत नव्हतं. आज भीती कुठे बसली आहे, असं विचारायच्या. छातीत आहे म्हटलं की म्हणायच्या, बरं, बसू दे तिला थोडा वेळ." एवढेच. माझ्या सगळ्या वाचनाचा अर्क त्या वाक्यात आहे असे मला वाटले.

एका भाचीवरून सिद्धान्त मांडू नये, हे मला कळते. चीनमध्ये १६८ गर्भवतींना फोनवरून सजगतेचा पाठ देऊन केलेली पाहणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. तुलनेच्या गटापेक्षा पाठ घेणाऱ्यांचे नैराश्य अधिक ओसरले. २०२५ साली 'नेचर मेडिसिन' या पत्रिकेत अमेरिका आणि कॅनडामधील १,२३० गर्भवती व बाळंतिणींचा प्रयोग छापून आला. तिथला उपचार सजगतेचा नव्हता. दिवसाच्या लहानसहान कामांतून मनाला पुन्हा उभे करण्याचा, बोलण्याचा उपचार होता. पण त्याने दोन प्रश्नांची उत्तरे दिली. पडद्यावरून बोलणे समोरासमोर बोलण्याहून उणे पडले नाही. आणि शिकवून तयार केलेल्या परिचारिका, सुईणी वगैरे बाया तज्ज्ञांहून उण्या पडल्या नाहीत.

हे दुसरे उत्तर आपल्या मुलखाला नवे नाही. रावळपिंडीच्या खेड्यांत अतीफ रहमान यांनी गावच्या आरोग्यसेविकांना शिकवून ९०३ मातांवर जो प्रयोग केला, त्यात सहा महिन्यांनी नैराश्याचे प्रमाण ५३ टक्क्यांऐवजी २३ टक्के आढळले. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. तीच पद्धत गोव्यात 'संगत' या संस्थेने शेजारपाजारच्या बायांच्या हाती दिली. त्यांना 'सखी' म्हणत. २०१९ साली आलेला तो निष्कर्षही आशादायक आहे. आता चरकाची ती यादी आठवा: स्वतः प्रसूत झालेल्या, जिवाभावाच्या, विषाद टाकलेल्या बाया. दोन हजार वर्षांचा वळसा घालून विज्ञान त्याच सूतिकागाराच्या दाराशी येऊन उभे आहे.

तरीही हर्षभरित होऊन चालणार नाही. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीप्रमाणे स्वतः वापरायचा मोबाइल आपल्या देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच होता. उरलेलींना नवऱ्याचा किंवा दिराचा फोन मागावा लागतो, आणि ज्याच्याविषयी बोलायचे तोच शेजारी बसलेला असतो. माणसाशिवाय नुसते यंत्र दिले तर बाया पाठ अर्ध्यावर टाकून देतात, हाही सर्वत्रचा अनुभव आहे. ज्या बाईचे दुखणे तीव्र आहे तिला डॉक्टर हवा, श्वासाचे धडे पुरत नाहीत. २०२२ साली सरकारने सुरू केलेल्या 'टेलि-मानस'सारखा चोवीस तासांचा फोन अशा वेळी उपयोगी पडावा. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मार खाणाऱ्या बाईला 'श्वासाकडे बघ' असे सांगणे हा एक नवा क्रूरपणा ठरेल. गोव्याच्या पाहणीने दारिद्र्य आणि नवरा ही दोन कारणे सांगितली होती. ती कुठल्याही पडद्यावरून दूर होत नाहीत. संयुत्तनिकायातील दृष्टान्तात मागून चालणारा तरवारवाला आहे. भांडे नीट धरायला शिकवणाऱ्याने त्या तरवारीकडे डोळेझाक करू नये.

म्हणून मला वाटते, आपल्या वैद्यांचे भांडे आणि बुद्धाचे भांडे यांत निवड करायची नाही. ते तिच्या हाती द्यायचे, हे या दीड शतकात शिकलो ते ठीक झाले. तिला स्वतःचे भय ओळखता यावे, त्याला नाव देता यावे, बाळाचे नुकसान होईल या धाकाशिवाय रडता यावे, हा तिचा अधिकार आहे. पण तिच्यापुढची गर्दी हटवणे, वाट मोकळी करणे, तरवार म्यान करायला लावणे हे काम बाकीच्यांचे आहे. चरकाने ते घरादाराला सांगितले होते. त्याचे तेवढे सांगणे अजून शिळे झालेले नाही.

या दिवाळीत पुष्कळ घरी कुणाची तरी ओटी भरली जाईल. पेढा की बर्फी, असा प्रश्न तिला विचारतील, आणि मुलगा की मुलगी याच्यावर हशा पिकेल. तो जरूर पिकावा. पण पंगत उठल्यावर, बाकीच्या बाया पानसुपारीत गुंतल्या असताना, कुणीतरी जवळ बसून, किंवा लांब असेल तर फोन लावून, तिला तिच्यापुरते विचारावे की, तू कशी आहेस. आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.